लोडशेडिंगचा सूर्य

१

बुधवारी सकाळी सव्वानऊला शिरोली एमआयडीसीत सूर्याचा पुरावा चोरीला गेल्याचं उघडकीस आलं.

सूर्य जागेवर होता. कल्लेश्वर फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये चार पायांवर उभा असलेला, नटबोल्टांनी आवळलेला, दीड फूट व्यासाचा पोलादी गोळा. त्यातली हवा पंपानं उपसायची, चिमूटभर जड हायड्रोजन सोडायचा, तीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा आणि अणूंना एकमेकांत घुसायला लावायचं. आकाशातला सूर्य हे काम विनातक्रार करत आला आहे. शिरोलीत त्यासाठी ‘मार्तंड ऊर्जा प्रायव्हेट लिमिटेड’ काढावी लागली. साल २००६ होतं आणि दिवसातले सहा-सात तास वीज नसायची. अशा गावात सूर्य तयार करतो म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढत नाहीत. कधी होणार, एवढंच विचारतात.

गेलं होतं ते मोजणीयंत्र. गोळ्यात अणू जुळले की किरण बाहेर पडतात, आणि किरण आले की हे यंत्र टकटक करतं. मिनिटाला वीसेक टकटक जगात कुठंही होते, तिचं श्रेय कुणाला घेता येत नाही. पण गोळा, म्हणजे मार्तंड, सुरू झाला की आकडा नव्वदला जायचा. सूर्य पेटल्याचा दुसरा पुरावा कंपनीकडे नव्हता.

शशिधर हत्तरगी रिकाम्या कपाटासमोर उभा होता. फौंड्रीचा मालक, कंपनीचा संस्थापक, वय एक्केचाळीस. दोन वर्षांत त्याला सलग पाच मिनिटं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आत्ताही तो उभ्या जागी चालत होता.

“उद्या अकराला पावणं येणार,” हंबीरराव म्हणाले. हंबीरराव कंपनीचे दुसरे संचालक. पेट्रोल पंप, सहा ट्रक आणि मोठा आवाज, एवढं त्यांनी कंपनीत आणलं होतं. “त्यांना काय ऐकवायचं? माझी टकटक?”

पावणं म्हणजे एका परदेशी कंपनीची माणसं. बंगळूरहून येऊन, टकटक ऐकून, पटलं तर भागीदारी करणार होती. त्याआधी दहाला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून क्रेन येणार होती, फौंड्रीची भट्टी उचलून न्यायला. मोठ्या मार्तंडाला जागा हवी म्हणून शशिधरनं भट्टी विकायचा शब्द देऊन टाकला होता. बापानं बसवलेली भट्टी, तिच्यावर चाळीस माणसं. म्हणजे उद्या दुपारी बाराला शशिधरकडे सूर्य तरी असणार होता, नाहीतर भट्टीही नाही आणि सूर्यही नाही.

“कुलूप फोडलेलं न्हाय,” हंबीरराव म्हणाले. “किल्ल्या तीन. एक तुझ्याकडं, एक त्या पद्मजाबाईंकडं, एक बसलिंगाप्पाकडं. म्हंजे चोर घरातलाच हाय.”

आणि वीज गेली. ती साडेनऊची ठरलेलीच होती. तिचा चोरीशी संबंध नव्हता.

२

पोलिसांत जायचं नाही यावर लगेच एकमत झालं. पोलिसांत गेलं की पेपरात येतं, पेपरात आलं की बंगळूरला कळतं. हंबीररावांनी त्याऐवजी आण्णा खोतांना आणलं.

आण्णा वीज मंडळाच्या भरारी पथकातून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. लोकांचे मीटर उघडून त्यांत काय अडकवलंय ते शोधण्यात तीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर बोटांना चैन पडेना. जाता-येता ते शेजाऱ्यांच्या भिंतीवरचे मीटर वाचत. शेजाऱ्यांना ते आवडत नसे. शशिधरच्या वडिलांवर त्यांनी अकरा धाडी घातल्या होत्या आणि एकदाही काही सापडलं नव्हतं. हा अपमान ते विसरले नव्हते.

“सूर्यातलं मला काय कळत न्हाय,” आण्णा म्हणाले. “पण आकडा कधी खोटं बोलाय लागला ते कळतंय. रजिस्टर हाय का?”

रजिस्टर होतं. जाड पुठ्ठ्याचं, प्रत्येक पानावर नंबर मारलेलं.

“वडिलांची शिस्त,” शशिधर म्हणाला. “एक भट्टीभर लोखंड वितळलं की आम्ही त्याला हीट म्हणतो. प्रत्येक हीटचा आकडा दिसला तसा, दिसल्या क्षणी, शाईनं लिहायचा. विचार नंतर करायचा. खोडायचं न्हाय, पान फाडायचं न्हाय. मार्तंडालाबी तोच नियम लावलाय.”

“लिहितं कोण?”

“मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय.”

शेवटची नोंद मंगळवारची होती. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मशीन चालू. एक्क्याण्णव.

“त्यानंतर यंत्र मी कपाटात ठेवलं,” शशिधर म्हणाला, खिडकीपर्यंत जाऊन परत आला. “आज सकाळी बघतो तर न्हाय.”

“मशीन चालवता कधी?”

“लोडशेडिंग असलं की. वीज असली की भट्टी चालवायची, भट्टीला माझ्याशिवाय चालत न्हाय. वीज गेली की जनरेटर लावून मार्तंड.”

कोल्हापूरला चोवीस तास वीज देऊ पाहणारी कंपनी वीज गेल्यावरच उघडत होती, यात तिथं कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. आण्णांनाही वाटलं नाही. ते पानं मागं उलटत गेले, मग पुढं आले, मग पुन्हा मागं गेले.

“सकाळच्या लोडशेडिंगला एकवीस, बावीस, वीस. संध्याकाळच्याला नव्वद, अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव. हे कसं?”

“दिवसा जनरेटर तापतोय.”

“तापला तर मशीन बंद पडंल. आकडा कशाला पडंल?”

शशिधर पुन्हा खिडकीपर्यंत गेला. आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“ओ हत्तरगी,” ते म्हणाले, “तुमचा सूर्य मावळतीनंतरच उगवतोय की.”

३

पद्मजा नाडगौडा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ती शशिधरच्या वर्गातली, आणि कंपनीची बिनपगारी सल्लागार. माहितीपत्रकात तिचा फोटो होता; फोटोतही ती ‘नाही’ म्हणत असल्यासारखी दिसत होती.

“अणू जुळवून वीज काढणं जगात सगळीकडे अजून वीस-तीस वर्षांवर आहे,” तिनं प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून आण्णांना सांगितलं. “सरकारं दमली, आता खाजगी कंपन्या उतरल्यात. आमच्याकडे ते गुरुवारी सकाळी अकरावर आणून ठेवलंय.”

“तुमचा इश्वास न्हाय, तर मग कंपनीत कशाला?”

“सरकारनंच करावं असं कुठं लिहिलंय? एखाद्या दिवशी कुणातरी खाजगी माणसाच्या शेडमध्येच ते होईल. शिरोलीत होणार नाही, हे मी अजून सिद्ध करू शकलेले नाही. आणि शशी गणित चुकवेल, पण आकडा खोटा लिहिणार नाही. म्हणून.”

“आणि ते यंत्र?”

“त्याला जातपात कळत नाही. कुठलाही किरण आला की टक. गोळ्यातून आला की आणखी कुठून, ते सांगत नाही. तीनदा बोलले मी. शशी म्हणतो, तू आलीस की मार्तंड रुसतो.”

“रुसतो?”

“मी रविवारी सकाळी जाते. माझ्यासमोर बावीसच्या वर कधी गेलेलं नाही. संध्याकाळी मला जमत नाही, सासूबाईंचं इन्सुलिन असतं.” तिनं पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. “ही माझी. आणि विचारणारच आहात तर सांगते, चोरायचा विचार आला होता.”

आण्णांची बोटं टेबलावर ताल धरत होती, ती थांबली. “कधी?”

“काल. क्रेन ठरल्याचं कळलं तेव्हा. एका टकटकीवर चाळीस माणसांची भट्टी उचलून देणार म्हणजे काय? म्हटलं, यंत्रच नसलं तर हा मुलगा जरा थांबेल तरी. काल सातपर्यंत प्रॅक्टिकलच्या परीक्षा होत्या. आज सकाळी जाणार होते.”

“मग?”

“मग काय,” पद्मजा म्हणाली. “कुणीतरी माझ्या आधी जाऊन आलं होतं.”

४

हंबीरराव हमरस्त्याकडेला वर बघत उभे होते. वर वीस बाय तीस फुटांचा डिजिटल बोर्ड होता. ‘कोल्हापूर लोडशेडिंगमुक्त होणारच!’ खाली हंबीररावांचा हात जोडलेला फोटो. त्यांच्या डाव्या खांद्यामागून सूर्य जेमतेम डोकावत होता.

“उद्या पावण्यांना ह्याच रस्त्यानं आणायचं,” ते म्हणाले. “बोर्ड दिसला की निम्मं काम झालं.”

“आणि निम्मं?”

“निम्मं तुम्ही शोधाय लागलाय की! माझ्यावर संशय हाय व्हय, आण्णा? मी चोरून काय करू त्याचं? पंपावर लावू?”

“उद्या पावण्यांसमोर टकटक झाली न्हाय तर बोर्ड उतरवाय लागंल. यंत्रच चोरीला गेलं तर बोर्ड ऱ्हातोय.”

हंबीररावांनी पुन्हा बोर्डाकडं बघितलं. ही कल्पना त्यांना सुचली नव्हती, आणि सुचली नाही याचं त्यांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

“माझ्याकडं किल्ली कुठाय?” ते शेवटी म्हणाले. “आणि काल तर मी हितं हुतो. बोर्डाचं उद्घाटन. साडेपाच ते साडेसात. दोनशे माणूस हुतं, इचारा कुणालाबी.”

“त्या वेळी लोडशेडिंग हुतं.”

“हुतं की. म्हणून तर जनरेटर आणला.”

“कुठला?”

“आपलाच ओ, मार्तंडाचा. चारला ट्रॉलीवर घालून आणला. बसलिंगाप्पा संगट आलता चालवायला. शशिधर गावात गेलता, पंपाचं तेल आणाय. त्याचा मोबाइल लागंना. म्हटलं, परत ठेवूच की. आठला नेऊन ठेवला, त्याला पत्ताबी न्हाय. पण काय सांगू, माझ्या भाषणात दोनदा बंद पडला! ऐन रंगात आल्यावर!”

आण्णांनी पिशवीतून रजिस्टर काढलं, मंगळवारचं पान उघडलं, बघितलं, मिटलं. मग पुन्हा उघडलं.

“काय झालं, आण्णा?”

“काय न्हाय,” आण्णा म्हणाले. “तुमचं भाषण लई मोलाचं निघालं. पहिल्यांदाच असंल.”

५

बसलिंगाप्पा भट्टीपाशी होता. एकतीस वर्षं त्यानं या फौंड्रीत लोखंड वितळवलं होतं. आज भट्टी गार होती आणि तो फडक्यानं तिचा कठडा पुसत होता.

“या साहेब. आमच्या थोरल्या धन्यावर अकरा येळा आलता तुम्ही. काय सापडलं?”

“न्हाय.”

“मग बसा. चा घ्या.”

आण्णा बसले नाहीत. “किल्ली तुमच्याकडं कशाला?”

“कपाटात माझी गॅसबत्ती असती. आनि इचारा की सरळ, चोरलं का म्हणून.”

“चोरलं का?”

“कशाला चोरू? भट्टी गेली तर मीबी जातो, चाळीस पोरं जात्यात. हे खरं हाय. पर क्रेन दहाला येणार, पावणं अकराला. टकटक झाली काय, न झाली काय, दहाला भट्टी गेलीच. चोरायचं तर मी क्रेन चोरीन.”

हे बिनतोड होतं. आण्णांनी चहा घेतला.

“काल संध्याकाळी हंबीररावाच्या कार्यक्रमात हुता. एरवी संध्याकाळी शेडात काय करता?”

“बत्ती लावतो. जनरेटर केवढासा! त्याच्यावर मशीन चालवायचं का ट्यूब लावायची? तम्मा म्हणतो, मशीन.” शशिधरला तो लहानपणापासून तम्माच म्हणत आला होता. “मग गॅसबत्ती पेटवायची, यंत्राच्या डोक्यावर टांगायची. काटा दिसाय पायजे का नको? आनि यंत्र हाय बुटकं. म्हणून त्याच्या बुडाखाली बत्तीचा डबा ठेवायचा.”

“डब्यात काय असतंय?”

“मेंटल. बत्तीच्या त्या पांढऱ्या जाळ्या. दोन-तीन डझन असतील. सारखी कुठं दुकानात पळायची?”

“आणि दिवसा?”

“दिवसा बत्ती कशाला लावू? उजेड हाय की.”

आण्णांनी कपबशी खाली ठेवली. फार हळू ठेवली.

“बसलिंगाप्पा, यंत्र जोरात टकटक कधी करतंय? मशीन चालू झाल्यावर?”

बसलिंगाप्पानं त्यांच्याकडं जरा कीव आल्यासारखं बघितलं. “न्हाय ओ. बत्ती आनि डबा आणला की. मशीन मागनं चालू हुतंय. तोवर तम्मा आलेला नसतो, वायरी बघत असतो.”

“हे किती दिवस माहीत हाय तुम्हाला?”

“दोन वर्सं.”

“आणि सांगितलं न्हाय?”

“इचारलं कुणी?” बसलिंगाप्पा म्हणाला. “मला वाटलं, त्याची रीतच असंल तशी. भट्टीबी आदी तापवावी लागती.”

आण्णा बाहेर आले आणि फौंड्रीच्या दारातल्या फोनवरून कॉलेजला फोन लावला.

“बाई, एकच सांगा. गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये काय असतंय?”

पलीकडं स्टूल सरकल्याचा आवाज आला.

“आण्णा,” पद्मजा म्हणाली, “मी निघाले. मी येईपर्यंत कुणाशी काही बोलू नका.”

६

साडेपाचला सगळे मागच्या शेडमध्ये जमले. वीज नव्हती. शटर अर्धं उघडं होतं, आणि आजूबाजूला शे-दोनशे जनरेटर एकदम ओरडत होते, त्यामुळे सगळ्यांनाच जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं.

“आधी बाई सांगतील,” आण्णा म्हणाले.

“मेंटलच्या जाळीत थोरियम असतं,” पद्मजा म्हणाली. ती शशिधरकडं न बघता बोलत होती. “बत्तीचा उजेड पांढरा पडावा म्हणून घालतात. त्यातून किरण निघतात, थोडेसे. बत्ती पेटवा नाहीतर नका पेटवू. माणसाला काही होत नाही. पण दोन-तीन डझन जाळ्यांच्या डब्यावर मोजणीयंत्र ठेवलं, की ते नव्वद दाखवेल.”

“म्हंजे?” हंबीरराव म्हणाले.

“म्हंजे दोन वर्षं आपण बत्ती मोजत हुतो,” आण्णा म्हणाले. “मार्तंड चालायचा लोडशेडिंगमध्ये. संध्याकाळच्या लोडशेडिंगमध्ये बत्ती लागायची. सूर्य आणि बत्ती एकाच वेळी चालू, एकाच वेळी बंद. जगात दुसरीकडं कुठं ही चूक झाली नसती. तिथं वीज असती.”

शशिधर गोळ्याभोवती फिरत होता. तो थांबला नाही.

“आता चोरी,” आण्णा म्हणाले. “बसलिंगाप्पाला चोरून फायदा न्हाय, कारण क्रेन आधी येणार. बाई सातपर्यंत परीक्षेत, मग सासूबाईंच्या इन्सुलिनला. हंबीररावाकडं किल्ली न्हाय, आणि डोकं—असू दे. मला अडकवलं ते रजिस्टरनं. मंगळवार, सहा वाजून दहा मिनिटं, मशीन चालू, एक्क्याण्णव. पण मंगळवारी चार ते आठ जनरेटर हंबीररावाच्या भाषणाला हुता. मेन लाइन बंद. मग मशीन चाललं कशावर?”

हंबीररावांनी वळून शटरबाहेर, जनरेटरच्या दिशेनं बघितलं.

“चाललंच न्हाय. तरी काटा एक्क्याण्णववर गेला. लिहिणाऱ्यानं जसा दिसला तसा, दिसल्या क्षणी, शाईनं लिहिला. विचार नंतर केला. काल संध्याकाळी जगात एकाच माणसाला कळलं, की हे यंत्र मशीन बंद असतानाबी टकटकतंय.” आण्णा गोळ्याभोवतीच्या वाटेत उभे राहिले, म्हणून शशिधरला थांबावं लागलं. “खोटं बोलायचं तर ते पान फाडायचं, हत्तरगी. तुम्हाला ते जमलं न्हाय.”

बाहेरचे जनरेटर बोलत होते.

“बत्ती मीच पेटवली काल,” शशिधर म्हणाला. “बसलिंगाप्पा नव्हता. बाहेर सगळीकडं जनरेटर ओरडत हुते, वाटलं आपलाबी लागलाय. डबा ठेवला, यंत्र ठेवलं, स्विच दाबला, काटा बघितला, लिहिलं. मग व्होल्टेजच्या मीटरकडं बघितलं. शून्य. जनरेटर बघाय बाहेर गेलो, तर जागा रिकामी. परत आलो. टकटक चालूच हुती.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “मी कितीतरी वेळ ऐकत बसलो.”

“बसला?” बसलिंगाप्पा म्हणाला. त्याला तेवढंच नवल वाटलं.

“यंत्र कुठाय?” पद्मजानं विचारलं.

“स्कूटरच्या डिकीत.”

सकाळपासून सगळ्यांनी अख्खी फौंड्री उलटीपालटी केली होती, आणि शशिधर त्या पुराव्यावर बसून तीनदा हमरस्त्यावर जाऊन आला होता.

“मला पावणं दोन महिने लांबवायचं हुतं,” तो म्हणाला. “दोन महिन्यांत खरे नव्वद काढले असते मी.”

“मग लांबव की!” हंबीरराव एकदम जागे झाले. “झाली चोरी! कुणाला काय कळतंय? आपण पाचच माणसं. तक्रार देऊ, पावण्यांना सांगू, जानेवारीत या. बोर्डबी ऱ्हातोय!”

आण्णांनी खांदे उडवले. “मी भरारी पथकात हुतो. दंड मी कधी लावला न्हाय, नुसता अहवाल दिला. तो दिला. पण एक सांगतो. चोरीनं पावणं थांबतील. क्रेन थांबणार न्हाय. मशीनच्या भरवशावर भट्टी विकलीय, आणि मशीन चालतंय का न्हाय हे तुम्हालाच माहीत न्हाय. कागलवाल्याला नको म्हणायचं तर कारण सांगावं लागंल. खरं कारण.”

बसलिंगाप्पा फडकं हातात घेऊन उभा होता. शशिधरला त्याच्याकडं बघता आलं नाही. तो शटरखालून वाकून बाहेर गेला. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो दोनशे जनरेटरांत मिसळून गेला.

७

गुरुवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना क्रेन फाटकात आली. शशिधर आला नव्हता.

चाळीस माणसं फौंड्रीच्या भिंतीला टेकून उभी होती. क्रेनवाला खाली उतरला, साखळ्या काढल्या, भट्टीकडं बघून त्यानं वजनाचा अंदाज घेतला. बसलिंगाप्पानं त्याला चहा पाजला, मग दुसरा पाजला. तिसऱ्याला क्रेनवाला म्हणाला, “मामा, पोटात जागा न्हाय. कुठनं उचलायची तेवढं दावा.”

तेवढ्यात स्कूटर आली. शशिधरच्या कपड्यांवर कागलच्या रस्त्याची धूळ होती.

“परत जा,” तो क्रेनवाल्याला म्हणाला. “तुझ्या मालकाला सकाळी सहाला घरी जाऊन भेटलोय. सगळं सांगितलंय.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, हत्तरगीचा शब्द आजपासून संपला.” हे त्यानं नीट, सरळ उभं राहून सांगितलं. फौंड्रीच्या धंद्यात हे वाक्य कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत दोन दिवसांत पोहोचतं, आणि ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

क्रेनवाल्यानं साखळ्या गोळा केल्या.

अकराला पावणं आले. एक बंगळूरचा, एक गोरा, उंच, घामाघूम. शशिधरनं त्यांना शेडमध्ये नेलं आणि मोजणीयंत्र टेबलावर ठेवलं. एकवीस. मार्तंड बंद होता. मग त्यानं मेंटलचा डबा आणून यंत्राखाली सरकवला. टकटक सुरू झाली ती थांबेना. ब्याण्णव.

“हा आमचा सूर्य,” शशिधर म्हणाला. पद्मजानं त्याचं इंग्रजी केलं.

हंबीरराव बाहेर जाऊन उभे राहिले होते.

गोऱ्यानं डबा उघडला, एक जाळी बोटांत धरून बघितली. मग तो बराच वेळ बोलला. पद्मजा ऐकत राहिली.

“काय म्हणतोय?” शशिधरनं विचारलं.

“म्हणतोय, त्यांच्याकडे अशीच एक चूक सापडायला दीड वर्ष लागलं. आणि तोवर त्यांनी ते सगळीकडे जाहीर केलं होतं. बँडबाजा लावून.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “आणि म्हणतोय, भागीदारी नाही.”

पावण्यांनी चहा घेतला, हात मिळवले आणि अर्ध्या तासात गेले. हंबीरराव त्यांना सोडायला गेले ते दुसऱ्या रस्त्यानं, बोर्ड टाळून.

पद्मजानं मेंटलचा डबा आणि बत्ती उचलली, बाहेर नेऊन फौंड्रीच्या पार पलीकडच्या भिंतीपाशी ठेवली, आणि परत येऊन शटर वरपर्यंत ढकललं. “जनरेटर लाव,” ती म्हणाली.

“आता कशाला?”

“दोन वर्षं बत्तीच मोजली. गोळा अजून कुणी मोजलेलाच नाही.”

शशिधरनं जनरेटर लावला. पद्मजानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मार्तंड बंद: एकवीस. मार्तंड चालू: तेवीस.

“हे काही नाही,” ती म्हणाली. “दोनचा फरक म्हणजे काहीच नाही. पुन्हा.”

बंद: वीस. चालू: चोवीस.

“हेही काही नाही,” ती म्हणाली, पण उठली नाही. “याला अर्थ यायला शेकडो वेळा मोजावं लागेल. दिवसच्या दिवस. आणि बहुतेक शेवटी काही नाहीच निघणार. ऐकतोयस ना, बहुतेक काही नाहीच.”

“ऐकतोय,” शशिधर म्हणाला. तो पुन्हा येरझाऱ्या घालायला लागला होता.

बाराला वीज आली. समोरच्या शेडमधून चाळीस माणसांचा गलका उठला आणि पाठोपाठ भट्टीचा घुमणारा आवाज. बसलिंगाप्पा दारात येऊन उभा राहिला. “तम्मा, भट्टी लागली. येतोस, का ह्याच्याकडंच बघत बसतोस?”

शशिधरनं गोळ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, पुन्हा गोळ्याकडं बघितलं.

“जा की,” पद्मजा घड्याळावरची नजर न काढता म्हणाली. “भट्टीला तुझ्याशिवाय चालत नाही. इथं मी आहे.”

“तुझं कॉलेज?”

“रजा टाकलीय. जा, बोलू नकोस, आकडा चुकतो.”

तो पळतच गेला. थोड्या वेळानं पलीकडून त्याचा ओरडण्याचा आवाज यायला लागला, कुणाला तरी कुठल्या तरी साच्यावरून शिव्या घालत होता.

“चालू, एकोणीस,” पद्मजा म्हणाली, तोंड वाकडं केलं, आणि सेकंदकाटा परत बारावर यायची वाट बघू लागली.